ट्रेमधल्या ॲड्रेनॅलिनबद्दल : छोट्या दवाखान्यांच्या प्रमुखांना खुले पत्र

प्रति,
छोटे दवाखाने, लसीकरण कक्ष, दंतचिकित्सालये आणि स्कॅन केंद्रे चालवणारे डॉक्टर, परिचारिका-प्रमुख आणि औषधसाठा सांभाळणारे सहकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या तातडीच्या ट्रेमध्ये ॲड्रेनॅलिन आहे, असे आम्ही धरून चालतो. बहुतेक ठिकाणी ते असतेच, आणि तपासणीला कोणी आले की चटकन काढून दाखवताही येते. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. लस, प्रतिजैविक किंवा स्कॅनचे रंगद्रव्य टोचल्यावर पाचव्या मिनिटाला रुग्णाच्या अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, छातीत घरघर सुरू झाली आणि नाडी हाताला लागेनाशी झाली, म्हणजे ॲनाफिलॅक्सिस ही जीवघेणी ॲलर्जी उसळली, तर त्या ट्रेमधून किती मिली घ्यायचे, कोणत्या सिरिंजने, शरीरात कुठे द्यायचे आणि कोणालाही न विचारता कोणी द्यायचे, हे आज ठरलेले आहे का? ठरलेले नसेल तर दोनपैकी एक चूक होते. इंजेक्शन उशिरा पडते, नाहीतर घाईघाईत भलत्याच मार्गाने भलत्याच मात्रेत पडते. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे, म्हणून दोन्हींवरची तयारीही एकच आहे.

आधी वेळेचे बोलू. ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंचा ब्रिटनमधला एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. प्रतिक्रिया सुरू झाल्यापासून हृदय किंवा श्वास थांबेपर्यंतचा मध्यक काळ अन्नाच्या ॲलर्जीत ३० मिनिटे, कीटकदंशात १५ मिनिटे आणि उपचारासाठी दिलेल्या औषधांमध्ये ५ मिनिटे निघाला. तुमच्या खोलीत घडणारा प्रकार बहुधा तिसरा असतो. पाच मिनिटांत कपाटाची किल्ली शोधणे, डोस आठवणे, डॉक्टरांना फोन लावणे हे सगळे बसत नाही.

शरीरात या वेळी काय चाललेले असते, तेही थोडक्यात. ॲलर्जीत भडकणाऱ्या मास्ट पेशींमधून हिस्टामिन आणि इतर द्रव्ये एकदम बाहेर पडतात. रक्तवाहिन्या सैलावतात आणि गळू लागतात. दहा मिनिटांत वाहिन्यांमधला जवळपास एक-तृतीयांश द्रव बाहेर जाऊ शकतो. श्वासनलिका आवळतात, स्वरयंत्राला सूज येते. ॲड्रेनॅलिन या सगळ्यावर एकाच वेळी काम करते. वाहिन्या आवळून रक्तदाब सावरते, सूज उतरवते, हृदयाचा जोर वाढवते, श्वासनलिका मोकळ्या करते आणि मास्ट पेशींमधून आणखी द्रव्य बाहेर पडणेही रोखते. दुसरे कुठलेच एक औषध हे सगळे करत नाही.

इथे पित्ताच्या, म्हणजे अँटिहिस्टामिनच्या इंजेक्शनबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो. अँटिहिस्टामिनने खाज कमी होते, गांधी उतरतात. रक्तदाब वर येत नाही, आवळलेली श्वासनलिका सुटत नाही, घशाची सूज ओसरत नाही. उलट अंगावरचे चट्टे उतरल्यामुळे सगळ्यांना हायसे वाटते आणि आतला रक्तदाब मात्र घसरतच असतो. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. ब्रिटनच्या पुनरुज्जीवन परिषदेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ही दोन्ही औषधे पहिल्या टप्प्यातल्या उपचारांतून काढून टाकली. "आधी पित्ताचे देऊन पाहू, नाही उतरले तर ॲड्रेनॅलिन" हा क्रम तुमच्या दवाखान्यात लिहून ठेवलेला असेल, तर तो कागद आजच फाडा.

ओळखायचे कसे? टोचल्यावर भोवळ येऊन पडणारा रुग्ण लसीकरणाच्या खोलीत नेहमीचा. तो पांढराफटक पडतो, घाम सुटतो, नाडी मंद होते आणि आडवा केला की एक-दोन मिनिटांत डोळे उघडून बोलू लागतो. त्याला दम लागत नाही, गांधी उठत नाहीत. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा जलद असते, आडवे केल्याने पूर्ण बरे वाटत नाही, आणि श्वास, घसा, रक्ताभिसरण यांपैकी काहीतरी मिनिटागणिक बिघडत जाते. जीभ जाड वाटणे, गिळता न येणे, अचानक उलट्या किंवा पोटात कळा, लहान मूल एकाएकी लुळे पडणे हीसुद्धा त्याचीच रूपे आहेत. एक गोष्ट भिंतीवर लिहून ठेवण्यासारखी आहे: दहा ते वीस टक्के रुग्णांमध्ये त्वचेवर काहीच दिसत नाही. गांधी नाहीत म्हणून थांबू नका. खरेच शंका असेल तर देण्याकडेच झुका. स्नायूत योग्य मात्रेत दिलेल्या ॲड्रेनॅलिनने चुकीच्या रुग्णाला थोडा वेळ धडधड, हातांना कंप आणि डोकेदुखी होते. बरोबर रुग्णाला न दिल्याची किंमत वेगळी असते.

आता मात्रा. प्रति किलो वजनाला ०.०१ मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाला जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. पण घाईत वजनाचा गुणाकार करायला लावू नका. वयानुसारचे टप्पे लिहून ठेवा. १ मिलीत १ मिलिग्रॅम अशा ॲम्प्यूलमधून १२ वर्षांपुढच्या सर्वांना ०.५ मिली, ६ ते १२ वर्षांना ०.३ मिली, ६ महिने ते ६ वर्षांना ०.१५ मिली, त्याहून लहान बाळाला ०.१ ते ०.१५ मिली. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर तीच मात्रा पुन्हा. लिहिताना दशांशाच्या आधीचे शून्य गाळू नका आणि नंतरचे फाजील शून्य लावू नका. ".५" मधला ठिपका पुसट झाला की ५ होतात, "१.०" मधला पुसट झाला की १० होतात.

जागा एकच: मांडीची बाहेरची बाजू, खुबा आणि गुडघा यांच्या मधोमध, सरळ ९० अंशांत, स्नायूत. दंडाच्या त्वचेखाली नको, नितंबात नको. मुलांवरच्या १९९८ च्या एका अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेल्या ॲड्रेनॅलिनची रक्तातली पातळी सरासरी ८ मिनिटांत शिखराला पोचली. त्वचेखाली दिलेल्याला ३४ मिनिटे लागली. कारण साधे आहे. ॲड्रेनॅलिन त्वचेखालच्या वाहिन्या आवळून टाकते आणि स्वतःचीच वाट अडवते. मांडीच्या स्नायूतला रक्तपुरवठा भरपूर असतो. नितंबावर चरबीचा थर जाड, त्यामुळे सुई अनेकदा स्नायूपर्यंत पोचतच नाही.

सिरिंजबद्दल जरा सविस्तर, कारण मात्रा बरोबर माहीत असूनही हात इथे चुकतो. साधी सिरिंज १ मिलीची हवी, जिच्यावर शतांश मिलीच्या रेघा आहेत. २ मिलीच्या सिरिंजवर रेघा ०.१ मिलीच्या अंतराने असतात, तिच्यात ०.१५ मिली मोजणे म्हणजे अंदाजपंचे काम. सुई २३ गेजची, निळ्या हबची, २५ मिलिमीटर लांबीची. ती जवळजवळ सर्व वयांना चालते. फार स्थूल रुग्णासाठी ३८ मिलिमीटरची एक ठेवा. ॲम्प्यूलमधून गरजेपेक्षा थोडे जास्त ओढा, द्यायची सुई लावा, सुईच्या टोकावर थेंब दिसेपर्यंत हवा काढा आणि मगच दट्ट्या ०.१५ किंवा ०.५ च्या रेघेवर आणा. हे उलट केले, म्हणजे आधी मोजून मग सुई बदलली, तर नव्या सुईच्या पोकळीतली हवा आधी आत जाते आणि तेवढेच औषध तिथे अडकून राहते. मोठ्या माणसात फरक नगण्य. तान्ह्या बाळाच्या ०.१ मिलीत तो बराच मोठा.

ॲड्रेनॅलिनच्या डब्यात इन्सुलिनची सिरिंज ठेवलेली असेल तर ती काढा. तिची सुई आखूड, म्हणजे औषध त्वचेखालीच राहणार. शिवाय तिच्यावरचे आकडे मिलीचे नसून युनिटचे आहेत. १०० युनिटवाल्या सिरिंजमध्ये ३० च्या रेघेवर ०.३ मिली येते. ४० युनिटवाल्या, लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच ३० वर ०.७५ मिली. एकच आकडा, अडीच पट मात्रा.

यानंतर तीव्रतेचा गोंधळ. जुन्या लेबलांवर १:१००० आणि १:१०,००० असे लिहिलेले असते. पहिल्यात १ मिलीला १ मिलिग्रॅम, दुसऱ्यात १ मिलीला ०.१ मिलिग्रॅम. मोठा आकडा म्हणजे औषध पातळ, आणि धावपळीत डोके नेमके उलटे वाचते. या गोंधळापायीच अमेरिकेच्या औषधसंहितेने मे २०१६ पासून अशा एकाच औषधाच्या इंजेक्शनच्या लेबलांवरून गुणोत्तरे हटवून मिलिग्रॅम प्रति मिली एवढेच ठेवायला लावले. तुमच्या लेबलवर काहीही असो, तक्त्यावर गुणोत्तर लिहूच नका. काही पुरवठादारांच्या ॲम्प्यूलवर एपिनेफ्रिन असे नाव असते. औषध तेच, हे सर्वांना माहीत असू द्या.

आमचे मत ठाम आहे: छोट्या दवाखान्यात दोन तीव्रता ठेवू नका. १ मिलीत १ मिलिग्रॅम ही एकच पुरे. हृदय थांबलेल्या रुग्णाला शिरेतून १ मिलिग्रॅम द्यायचे असते. तेव्हा हेच १ मिलीचे ॲम्प्यूल ९ मिली सलाईनमध्ये मिसळून १० मिली करता येते. दोन तीव्रता शेजारी ठेवून कमावलेले काही सेकंद चुकीच्या ॲम्प्यूलच्या धोक्यापुढे टिकत नाहीत. दंतवैद्यांसाठी जाता जाता: बधिरीकरणाच्या कार्ट्रिजमध्येही ॲड्रेनॅलिन असते म्हणून वेगळे ठेवायची गरज नाही, असा समज कानावर येतो. १:१,००,००० च्या १.८ मिली कार्ट्रिजमध्ये ते १८ मायक्रोग्रॅम असते. अर्धा मिलिग्रॅम भरायला अठ्ठावीस कार्ट्रिज लागतील.

सर्वांत घातक चूक म्हणजे नाडी चालू असलेल्या, बोलणाऱ्या रुग्णाला शिरेतून दिलेला पूर्ण डोस. हात शिरेकडे जातो, कारण सलाईनची नळी आधीच लावलेली असते आणि "तातडीचे म्हणजे शिरेतून" अशी सवय असते. अनुभवी भूलतज्ज्ञ मॉनिटर लावून मोठ्या माणसाला शिरेतून देतात तो छोटा डोस ५० मायक्रोग्रॅमचा असतो. मांडीसाठी भरलेली ०.५ मिलिग्रॅमची सिरिंज नळीत रिकामी केली की त्याच्या दहापट गेले. रक्तदाब भयंकर चढतो, छातीत दुखते, हृदयाची लय बिघडते, फुप्फुसात पाणी भरू शकते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. असे घडलेच तर ईसीजी लावा, ऑक्सिजन द्या आणि रुग्णाला ताबडतोब मोठ्या रुग्णालयात हलवा. परिणाम काही मिनिटांत ओसरू लागतो. नाडी जलद आहे म्हणून नुसते बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारे औषध) देऊ नका; वाहिन्या आवळलेल्याच राहतात आणि रक्तदाब आणखी चढतो. यापेक्षा सोपे म्हणजे नियमच करा: आमच्या दवाखान्यात नाडी असलेल्या रुग्णाला ॲड्रेनॅलिन शिरेतून द्यायचे नाही. दोन डोसांनंतरही रुग्ण सावरला नाही तर थेंबाथेंबाने शिरेतून देणे हे पुढच्या रुग्णालयाचे काम. रुग्णवाहिका येईपर्यंत तुम्ही दर पाच मिनिटांनी मांडीतच देत राहा.

शस्त्रक्रियेच्या ट्रेवरची एक जुनी चूक अजून होते. नाकाच्या शस्त्रक्रियेत कापसाला लावायचे तीव्र ॲड्रेनॅलिन उघड्या वाटीत ओतून ठेवतात. शेजारच्या वाटीत बधिरीकरणाचे औषध. दोन्ही पाण्यासारखी. कोणीतरी चुकीच्या वाटीतून सिरिंज भरते. लेबल नसलेल्या वाटीतून सिरिंज भरायचीच नाही, एवढे पाळले तरी हे टळते.

हृदयविकाराचा रुग्ण, वयस्कर माणूस, गरोदर बाई अशा वेळी हात आखडतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये स्नायूतल्या ॲड्रेनॅलिनला पूर्ण मनाई असलेला असा कोणीच नाही. घसरलेला रक्तदाब आणि ऑक्सिजनची उपासमार त्याच हृदयाला अधिक मारक असते. गरोदर रुग्णाला मात्रा तीच, फक्त डाव्या कुशीवर कलवा. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांमध्ये ॲड्रेनॅलिनचा गुण कमी येऊ शकतो; तेव्हा रुग्णालयात ग्लुकागॉन १ ते ५ मिलिग्रॅम शिरेतून, पाच मिनिटांत सावकाश देतात. म्हणून रुग्णाची चालू औषधे पाठवणीच्या चिठ्ठीवर लिहा. ॲम्प्यूलमध्ये औषध टिकवण्यासाठी सल्फाइट असते, तेव्हा सल्फाइटची ॲलर्जी सांगणाऱ्याचे काय, असेही विचारले जाते. द्या.

इंजेक्शनइतकीच महत्त्वाची आहे रुग्णाची स्थिती. आडवा ठेवा, पाय वर. दम फार लागत असेल तर पाय पसरून बसू द्या, उलटी होत असेल तर कुशीवर करा. पण उभा करू नका, शौचालयापर्यंतही चालवू नका. रक्तदाब पडलेल्या माणसाला एकाएकी उठवले की हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदय रिकामेच धडपडते, आणि त्या क्षणी ते थांबल्याच्या नोंदी आहेत. "आता जरा बरे वाटतेय" म्हणणाऱ्यालाही स्ट्रेचरवर आडवाच न्या. सोबत ऑक्सिजन, आणि रक्तदाब पडला असेल तर सलाईन भरभर: मोठ्यांना ५०० ते १००० मिली, मुलांना किलोमागे १० मिली. लक्षणे ओसरून काही तासांनी परत उलटतात असेही काहींमध्ये होते, म्हणून पूर्ण बरे वाटले तरी रुग्णालयातले निरीक्षण चुकवू नये. दोन डोस लागले असतील किंवा दम्याचा जुना त्रास असेल तर ते अधिक लांबवतात.

हृदयच थांबले तर क्रम बदलतो. छातीवर दाब आणि डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आधी. ॲड्रेनॅलिन १ मिलिग्रॅम शिरेतून दर ३ ते ५ मिनिटांनी. २०१८ च्या ब्रिटिश चाचणीत, रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेल्या ८,०१४ जणांमध्ये, ३० दिवसांनी जिवंत असलेले ॲड्रेनॅलिनच्या गटात ३.२ टक्के आणि ते न मिळालेल्या गटात २.४ टक्के होते. मेंदू चांगल्या स्थितीत राहिलेल्यांच्या संख्येत ठळक फरक नव्हता. फायदा आहे, पण लहान. ॲम्प्यूल फोडण्यासाठी दाब थांबवण्याइतका तर नक्कीच नाही.

साठवणुकीचे नियम थोडेच आहेत आणि तेच मोडले जातात. २५ अंशांच्या आसपास, उजेडापासून दूर, मूळ खोक्यात. गोठू देऊ नका. उघड्या ट्रेवर खिडकीशेजारी ठेवलेले ॲम्प्यूल गुलाबी, मग तपकिरी होत जाते. औषधाचे ऑक्सिडीकरण झाल्याची ती खूण. रंग आला किंवा गाळ दिसला की टाका. मात्र स्वच्छ दिसते म्हणून मुदत संपलेले ठेवू नका. रंग बदलण्याआधीच ताकद घटलेली असू शकते. सकाळी सिरिंज भरून दिवसचे दिवस ट्रेमध्ये ठेवण्याची सोयही नको. निर्जंतुकपणाची हमी नाही, आणि लेबल सुटले की आत काय आहे हे कोणालाच कळत नाही. कंपनीने भरून दिलेली सिरिंज मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

ज्यांना पुन्हा धोका आहे त्यांना घरी जाताना ऑटो-इंजेक्टर (औषध भरलेले, स्वतः टोचायचे पेन) लिहून द्या, एक नव्हे, दोन. साधारण १५ ते ३० किलोला ०.१५ मिलिग्रॅमचा, त्यापुढे ०.३ चा. तो पातळ कपड्यातूनही टोचता येतो. मुलाचा पाय घट्ट धरा; पाय झटकला की सुई मांडी चिरत जाते. उलटा धरून अंगठ्यात टोचून घेणारेही असतात. बोट पांढरे, गार पडते. कोमट पाण्यात धरा आणि दवाखान्यात पाठवा, रक्तपुरवठा परतला नाही तर वाहिन्या सैलावणारे फेंटोलामिन टोचावे लागते. प्रत्येक बनावटीचे टोपण आणि सुईचे टोक वेगळे, म्हणून रुग्णाच्या हातात असेल त्याच बनावटीच्या सरावाच्या पेनाने शिकवा. २०२४ मध्ये अमेरिका आणि युरोपात ३० किलो आणि त्यापुढच्यांसाठी २ मिलिग्रॅमचा नाकातला फवारा मंजूर झाला. सुईची भीती असलेल्यांना तो सोयीचा.

आता आमची मागणी. एक पारदर्शक डबा घ्या, कुलूप नको. त्यात १ मिलिग्रॅमची किमान चार ॲम्प्यूल, १ मिलीच्या सिरिंज, निळ्या सुया, ३८ मिलिमीटरची एक सुई आणि ॲम्प्यूल फोडायला गॉज, एवढेच. ॲट्रोपिन किंवा दिसायला सारखे दुसरे कुठलेही ॲम्प्यूल त्यात नको. झाकणाच्या आत वयाप्रमाणे मिलीचे चार आकडे, "मांडी, बाहेरची बाजू, स्नायूत", "दर ५ मिनिटांनी पुन्हा" आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक. शेजारी एक लेखी आदेश, प्रमुख डॉक्टरांच्या सहीचा: इंजेक्शन टोचणारी परिचारिका ॲनाफिलॅक्सिस ओळखून, कोणालाही न विचारता पहिला डोस देईल. तो आदेश नसतो तिथे सगळी पाच मिनिटे फोनवर जातात. महिन्याला एकदा मुदत आणि रंग पाहा, आणि तीन महिन्यांतून एकदा मुदत संपलेल्या ॲम्प्यूलवर सगळ्यांकडून, स्वागतकक्षातल्या माणसासकट, घड्याळ लावून सराव करून घ्या. डबा उचलल्यापासून सिरिंज ०.५ वर येईपर्यंत मिनिटभरापेक्षा जास्त लागत असेल, तर पुढच्या आठवड्यात पुन्हा.

आपले,
तातडीचे विभाग, भूलशास्त्र आणि औषधभांडार यांत काम करणारे सहकारी